सुलेखनी फॉन्टात नाव फुटतंय? पत्रिका, फ्लेक्स आणि रेडियमच्या कामासाठी दुरुस्त्या

लग्नसराई, शिवजयंतीचे चित्ररथ, गणपती. या तिन्ही हंगामांत बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या डीटीपीवाल्यांना एकच वाक्य ऐकावं लागतं: "अण्णा, नाव फुटूलंय बघा की." बाकीचा मजकूर ठीक असतो. फुटतं ते नेमकं मोठ्या, वळणदार, सोनेरी अक्षरात टाकलेलं वधूवरांचं किंवा मंडळाचं नाव. वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते, रफार गायब होतो, जोडाक्षराचा पाय मोडतो, नाहीतर शिरोरेषेत पांढऱ्या फटी पडतात. मग ऑपरेटर तेच नाव पुन्हा टाइप करतो, वैतागून फॉन्ट बदलतो, आणि पुढच्या पत्रिकेला तेच रडगाणं पुन्हा सुरू.

पुन्हा पुन्हा टाइप करण्यात अर्थ नाही. नाव चार हातांतून जातं: टाइप केलेला मजकूर, फॉन्ट, सॉफ्टवेअर आणि शेवटी छपाईचं किंवा कटिंगचं मशीन. यातल्या कुठल्या हातात ते फुटलं हे आधी ठरवा. त्याला फार वेळ लागत नाही.

नाव कॉपी करा, नोटपॅड उघडा, फॉन्ट निर्मला यूआय किंवा मंगल ठेवा आणि पेस्ट करा. (मंगल हा र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेला फॉन्ट. दिसायला साधा, पण तपासायला उत्तम.) नोटपॅडमध्येही नाव चुकीचं दिसलं तर चूक टायपिंगची आहे, फॉन्टला हात लावू नका. नोटपॅडमध्ये नाव बरोबर, पण तेच नाव त्याच सजावटी फॉन्टात नोटपॅडमध्येच बिघडलं, तर फॉन्ट अपुरा आहे. नोटपॅडमध्ये सजावटी फॉन्टातही बरोबर आणि कोरेलमध्ये (कोरेलड्रॉ, पत्रिका-फ्लेक्स मांडायचं सॉफ्टवेअर) किंवा फोटोशॉपमध्ये चूक, तर सॉफ्टवेअरची सेटिंग किंवा आवृत्ती बघा. स्क्रीनवर सगळं नीट आणि कागदावर किंवा रेडियमवर (मशीनने कापायच्या चिकट स्टिकरवर) बिघाड, तर शेवटच्या हाताकडे चला. आणि पेस्ट केल्यावर मराठी दिसायच्या ऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा आला, तर गोष्ट वेगळी आहे. तिथूनच सुरुवात करू.

फॉन्ट जुना, मजकूर नवा

आपल्याकडचे बहुतेक देखणे सुलेखनी फॉन्ट युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला ठराविक क्रमांक देणाऱ्या, सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या पद्धतीचे आहेत. त्यांच्या आत खरं तर मराठी नसतंच. इंग्रजी ए, बी, सी आणि चिन्हांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात: अर्धा स, काना, तीन रुंदीच्या पहिल्या वेलांट्या, शेपूट लांबवलेला उकार. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे तेव्हा मात्रा आणि वेलांट्या सुट्या असत, तीच रीत संगणकावर आली. ज्याला कीबोर्ड पाठ आहे तो या फॉन्टात अफाट सुंदर काम करतो, कारण कुठली वेलांटी किती लांब हवी हे त्याच्या हातात असतं.

घोळ होतो तो व्हॉट्सॲपमुळे. ग्राहक मजकूर मोबाइलवर टाइप करून पाठवतो, तो युनिकोड असतो. तो थेट कोरेलमध्ये टाकून जुना फॉन्ट निवडला की एकतर चौकोन येतात, नाहीतर फॉन्टचं नाव बदलतं पण अक्षर आहे तसंच साधं राहतं. फॉन्टात मराठीची जागाच नसल्यामुळे सॉफ्टवेअर गुपचूप दुसरा फॉन्ट वापरतं. "फॉन्ट लागत नाही" या तक्रारीचं कारण जवळजवळ नेहमी हेच निघतं.

उपाय दोन. मजकूर कन्व्हर्टरमधून त्या जुन्या फॉन्टच्या पद्धतीत आणायचा, किंवा युनिकोड सजावटी फॉन्ट वापरायचा. कन्व्हर्टर वापरलात तर त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नका. तो ठराविक जागी घसरतो: 'ऱ्य' आणि 'ऱ्ह', 'ॲ', 'ळ्ळ', आणि जोडाक्षरावरची पहिली वेलांटी. 'निश्चित' मधल्या 'श्चि' ची पहिली वेलांटी 'श्' च्या आधी लागायला हवी, ती 'च' च्या आधी येऊन मधेच अडकते. पत्रिकेच्या मजकुरात 'उपस्थिती' हमखास असतो, तो शब्द आधी बघा. शिवाय वेलांटीची रुंदी कन्व्हर्टरला कळत नाही. तो एकच मधली वेलांटी सगळीकडे लावतो. 'स्थि' सारख्या रुंद अक्षरावर ती अर्ध्यातच संपते, तिथे लांब वेलांटीची कळ हाताने दाबायची.

उलट्या दिशेनेही काळजी घ्या. जुन्या फॉन्टात केलेलं मॅटर ग्राहकाला तसंच पाठवलं तर त्याच्या मोबाइलवर खिचडा दिसतो. प्रूफ नेहमी पीडीएफ किंवा चित्र म्हणून पाठवा.

फॉन्टची परीक्षा आपल्या गावांच्या नावांनी घ्या

युनिकोडचे सजावटी फॉन्ट आता बऱ्यापैकी आहेत. हस्ताक्षराच्या वळणाचा 'कलम', मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला 'यात्रा वन', जैन कल्पसूत्राच्या पोथ्यांतल्या सुलेखनावर बेतलेला 'जैनी', शिवाय 'अमिता', 'तिल्लाना'. हे सगळे गूगल फॉन्ट्सवर खुल्या परवान्यात मिळतात आणि पत्रिकेसाठी, बोर्डासाठी, म्हणजे धंद्याच्या कामातही चालतात. सारे एका मापाचे नाहीत. लग्नपत्रिकेवरच्या नावाला मी 'कलम' वापरणार नाही, तो चिठ्ठीचा आवाज आहे. 'जैनी' मात्र देवस्थानाच्या, कुलस्वामिनीच्या ओळीला शोभतो.

फॉन्ट निवडताना 'शुभविवाह' टाइप करून बघायचं आणि खूश व्हायचं, ही पद्धत सोडा. 'शुभविवाह' कुठल्याही फॉन्टात छानच दिसतो, त्यात एकही जोडाक्षर नाही. त्याऐवजी अशी एक ओळ फाइलमध्ये कायमची ठेवा:

ॲड. ज्ञानेश्वर व डॉ. ऋतुजा यांच्या विवाहास येळ्ळूर, निट्टूर, गर्लगुंजी, यमकनमर्डी, बेळवट्टीच्या वऱ्हाडी मंडळींनी व कार्यकर्त्यांनी श्रीकृष्णकृपेने उपस्थित राहावे.

वाक्य म्हणून ही ओळ काही ग्रेट नाही, पण फॉन्टचं खरं-खोटं तिच्यात लगेच बाहेर येतं. एकेक बघू.

'येळ्ळूर'. सीमाभागात 'ळ्ळ' पावलोपावली आहे, कारण गावांची नावं कन्नड आणि मराठी दोन्हींच्या तोंडून घडलेली आहेत. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टांत 'ळ' ची काळजी कमी घेतलेली असते, 'ळ्ळ' ची तर नाहीच. 'ळ' ला उभी दांडी नसल्यामुळे दांडी काढून अर्धं अक्षर करता येत नाही. कुणी डावा 'ळ' आखडून उजव्याला चिकटवतं, कुणी एकाखाली एक रचतं, आणि ज्यांनी विचारच केला नाही त्यांच्या फॉन्टात पाय मोडलेला 'ळ्' आणि शेजारी पूर्ण 'ळ' येतो. साध्या मजकुरात पाय मोडलेला चालून जाईल, पण कमानीवर चार फूट उंचीच्या अक्षरात तो लंगडाच दिसतो. फॉन्ट बदलायचा नसेल तर अक्षर हाताने घडवा. दोन 'ळ' कर्व्ह करा, म्हणजे टाइप केलेल्या अक्षराचा आकार करून घ्या, आणि डावा रुंदीने कमी करा. इथे एक गोची आहे: आखडलेल्या 'ळ' च्या उभ्या जाड रेघा बारीक होतात आणि तो शेजारच्यासमोर अशक्त दिसतो. त्याला त्याच रंगाची किंचित आउटलाइन देऊन जाडी भरून काढा, मग दोन्ही वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा. मांडीवर घेऊन बघतात त्या पत्रिकेवर हा फरक चटकन कळतो. फ्लेक्सवर एवढं कुणी बघत नाही, तिथे वेळ घालवू नका.

'निट्टूर' आणि 'बेळवट्टी'. 'ट्ट' हे एकाखाली एक रचलेलं जोडाक्षर, त्याच्या खाली आणखी दीर्घ ऊकार. सुलेखनी फॉन्टात त्या ऊकाराला लांब शेपूट असतं, ते सरळ खालच्या ओळीच्या शिरोरेषेत घुसतं. फॉन्टची चूक नाही, ओळींमधलं अंतर कमी आहे. इंग्रजी मजकुराला चालणारं अंतर देवनागरी सजावटी अक्षराला कधीच पुरत नाही. खालच्या ओळीत वेलांट्या आणि रफार असतील तर अंतर आणखी वाढवा. जागाच नसेल तर पाय मोडून लिहायची सोय आहे: 'ट्' च्या हलन्तानंतर (पाय मोडल्याच्या चिन्हानंतर) झीरो विड्थ नॉन-जॉइनर, म्हणजे यू+२००सी या युनिकोड क्रमांकाचं अदृश्य चिन्ह, टाकला की 'ट' खाली न रचता पाय मोडून शेजारी येतो. बसच्या पाटीवर ठीक, पत्रिकेवर नको.

'गर्लगुंजी', 'यमकनमर्डी', 'कार्यकर्त्यांनी'. इथे रफाराची परीक्षा. पुढे काना किंवा दुसरी वेलांटी असेल तर रफार तिच्या दांडीच्या डोक्यावर बसतो, आणि 'र्त्यां' मध्ये त्याच जागी अनुस्वारही येतो. चांगल्या फॉन्टात वेलांटी-रफार, रफार-अनुस्वार यांची एकत्र घडवलेली रूपं असतात. हौशी फॉन्टात ती नसतात, मग झोकदार वेलांटी रफारावरून जाते आणि दोघांचा एकच काळा ठिपका होतो. 'मर्डी' चं 'मडी' वाचलं जातं. गावाचं नाव आहे, लोक सोडत नाहीत.

'वऱ्हाडी'. ही तक्रार सर्वांत जास्त, आणि तिची कारणं तीन, म्हणून जरा थांबून बघू. एक, टाइप करणाऱ्यानेच 'वर्हाडी' लिहिलंय, म्हणजे साधा 'र', हलन्त, 'ह'. नियमाने तिथे रफारच यायला हवा, संगणकाचं काही चुकलेलं नाही. दोन, मजकुरात 'र', हलन्त आणि पुढे झीरो विड्थ जॉइनर म्हणजे यू+२००डी आहे. काही मोबाइल कीबोर्ड असंच टाइप करतात. डोळ्याला ते 'ऱ्ह' दिसतं, पण फॉन्ट बदलताच किंवा मजकूर इकडून तिकडे नेताना तो अदृश्य जॉइनर गळून पडतो आणि रफार उगवतो. तीन, मजकुरात सरळ 'ऱ', म्हणजे यू+०९३१, आणि हलन्त आहे. हे पक्कं, जॉइनर गळायची भीती नाही. तेव्हा मजकूर हाती आला की शोधा-बदला मधून 'र', हलन्त, जॉइनर जिथे असेल तिथे 'ऱ', हलन्त करून टाका. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांचा', 'कऱ्हाड' सगळं एका फटक्यात सरळ होतं. एवढं करूनही पाय मोडलेला 'ऱ्' दिसला तर फॉन्टात ते रूप नाही. एखाद्या फॉन्टाला उलट जॉइनरवालंच रूप कळतं, तेही एकदा करून बघा.

'ॲड.' वकिलांच्या घरचं लग्न असलं की हा चौकोन येतोच. 'ॲ' ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा, यू+०९७२, २००८ मध्ये मिळाली. त्याआधीच्या किंवा हिंदीपुरत्या केलेल्या फॉन्टांत ते अक्षर नसतं. मग लोक 'अ' वर वेगळा अर्धचंद्र टाकतात, आणि काही सॉफ्टवेअर ते मान्य न करता मधे टिंबांचं वर्तुळ काढतं. पत्रिकेचं काम असेल तर कर्व्ह केलेल्या 'अ' वर त्याच फॉन्टातल्या 'डॉ' चा अर्धचंद्र उचलून बसवा. हात बसला की चटकन होतं.

'ल' आणि 'श' ची तक्रार वेगळ्या जातीची. अक्षर फुटत नाही, पण हिंदी वळणाचं येतं आणि जुनीजाणती माणसं 'हे आपलं नाही' म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. काही फॉन्टांत मराठी वळणाचे 'ल', 'श' आत दडलेले असतात. मजकुराची भाषा मराठी अशी ठरवली की ते बाहेर येतात. इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनेलात भाषा निवडता येते, वेबपानावर लँग खूण 'एमआर' अशी द्यायची. भाषा निवडायची सोय नसेल तर ग्लिफ पॅनेलातून, म्हणजे फॉन्टातल्या सगळ्या आकारांच्या यादीतून, अक्षर उचला. पत्रिकेतल्या साध्या मजकुरासाठी 'टिरो देवनागरी मराठी' वापरा. त्याच घराण्याचे हिंदी आणि संस्कृतचे फॉन्ट वेगळे आहेत, त्यामुळे तिथे ही भानगड मिटलेलीच आहे.

सॉफ्टवेअरची सेटिंग

नोटपॅडमध्ये बरोबर आणि फोटोशॉपमध्ये वेलांटी अक्षराच्या पलीकडे, हलन्त उघडे: हे ठरलेलं लक्षण. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. मधल्या आवृत्त्यांत त्याच जागी मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं लिहिलेलं असतं. जुन्या लेयरला ते आपोआप लागेलच असं नाही, नाव नव्या लेयरवर टाका. इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये शो इंडिक ऑप्शन्स, इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर. वर्डमध्ये फॉन्ट बदलूनही अक्षर बदलत नसेल तर फॉन्टच्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा फॉन्ट वेगळा असतो, तो बदला.

कोरेलचं प्रकरण चिवट आहे. आपल्या भागात अजून जुन्या आवृत्त्या चालू आहेत, कारण मशीन त्यांच्याशी जुळलेलं आहे आणि सगळी जुनी कामं त्यात आहेत. एक्स-६ च्या आधीच्या कोरेलला युनिकोड मराठीची जोडाक्षरं नीट जुळवता येत नाहीत. कितीही सेटिंग शोधा, मिळणार नाही. नवी आवृत्ती घ्यायची नसेल तर इंकस्केप उतरवून घ्या, फुकट आहे. नाव इंकस्केपमध्ये टाइप करा, पाथ मेनूतून ऑब्जेक्ट टू पाथ, सगळे तुकडे निवडून युनियन, आणि पीडीएफ किंवा ईपीएस करून कोरेलमध्ये आणा. नाव आता चित्र झालं, कोरेलला ते वाचायची गरजच उरत नाही. बाकी पत्रिका नेहमीप्रमाणे कोरेलमध्येच करा.

सजवताना केलेले घोटाळे

काही वेळा नाव फुटतं ते आपण सजवायला गेलो म्हणून.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजी कॅपिटल अक्षरं सुटी सुटी केली की रुबाबदार दिसतात, देवनागरीत शिरोरेषा तुटते. जस्टिफाय केलेल्या ओळीत सॉफ्टवेअर हे चोरून करतं. नाव असलेली ओळ मधोमध ठेवा, जस्टिफाय नको.

सॉफ्टवेअरचा खोटा तिरका आणि खोटा ठळक, दोन्ही टाळा. बोरूचं टोक ज्या कोनात कापतात त्यामुळे देवनागरीत जाड-बारीक रेघांची दिशा रोमन लिपीच्या उलटी असते. तिकडची जाड तिरकी रेघ इकडे बारीक. अक्षर जबरदस्तीने उजवीकडे कलवलं की ही जाड-बारीक चाल बिघडते आणि अक्षर घसरल्यासारखं दिसतं. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षकं बघा. तिथे अक्षर कललेलं असलं तरी ते तसंच काढलेलं असतं, उभं काढून मग ढकललेलं नसतं.

दाबणं आणि ताणणं हाही तसाच प्रकार, पण आपल्याकडे त्याला वेगळं कारण आहे. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर फलकावर ६० टक्के कन्नड आणि तेही वरच्या बाजूला लागतं. मराठी नावाला खालची पट्टी उरते, लांब आणि बुटकी. मग सुलेखनी नाव त्या पट्टीत बसवायला उंचीतून दाबलं जातं. वेलांट्यांच्या कमानी चपट्या होतात, आडव्या रेघा सुतासारख्या आणि उभ्या खांबासारख्या. पट्टीसाठी मुळातच बुटका, रुंद फॉन्ट घ्या आणि झोकदार वेलांटीचा मोह सोडा. झोकाला डोक्यावर मोकळी जागा लागते. ती नसेल तर साधं ठळक अक्षर जास्त लांबून वाचता येतं.

लांब शेपटांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: एका नावात एकच. पहिल्या अक्षराची वेलांटी लांबवली तर शेवटच्या उकाराला गप्प बसवा. दोन्ही लांबवले की नाव वाचायच्या आधी वेलबुट्टीच दिसते.

शिरोरेषेतल्या पांढऱ्या फटी

स्क्रीनवर नाव अखंड, आणि बाहेर आउटलाइन दिली की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर रेघ. किंवा रेडियम कापताना मशीन प्रत्येक सांध्यावर चिरा देतं आणि सोलताना अक्षरं सुटी होऊन हातात येतात.

कारण सोपं आहे. फॉन्टातली अक्षरं शेजारच्या अक्षरावर थोडी चढवलेली असतात, म्हणून शिरोरेषा सलग भासते. प्रत्यक्षात तिथे दोन आकार एकमेकांवर असतात. आउटलाइनला आणि कटिंगच्या सुरीला दोन्ही आकारांच्या कडा दिसतात. जुन्या तुकडेवाल्या फॉन्टांत काना, वेलांटी सगळंच वेगळं असल्याने सांधे आणखी जास्त.

इथे बहुतेक जण कंट्रोल-एल मारतात, म्हणजे कम्बाइन. मग दोन आकार जिथे एकमेकांवर आहेत तिथे भोक पडतं आणि शिरोरेषेवर ओळीने पांढरे चौकोनी ठिपके उमटतात. इथे कम्बाइन उपयोगाचं नाही, वेल्ड हवं. क्रम असा: कंट्रोल-क्यूने कर्व्ह, कंट्रोल-केने ब्रेक. ब्रेक केलं की 'ब', 'व', 'क' यांची पोटं काळी भरतात, घाबरू नका. पोटाचा तुकडा आणि त्याचं अक्षर असे दोनच निवडून तेवढ्यापुरतं कम्बाइन करा, पोट पुन्हा मोकळं होतं. 'श्री' सारख्या वेटोळ्या अक्षरात बारीक पोटं लपलेली असतात, झूम करून बघा. मग पूर्ण नाव निवडून वेल्ड. वायरफ्रेममध्ये (फक्त कडा दाखवणाऱ्या दृश्यात) बघितलं की शिरोरेषा एका सलग कडेची दिसली पाहिजे, मधे एकही आडवी-उभी रेघ नको. आउटलाइन, सावली, सोनेरी कड हे सगळं त्यानंतर. इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट हेच काम करतं, पोटांची भानगड तिथे नाही.

वेल्ड केल्यावर नाव बदलता येत नाही, म्हणून टाइप केलेली मूळ प्रत पानाच्या बाहेर बाजूला ठेवा. पत्रिकेत शेवटच्या क्षणी 'सौ.' चं 'श्रीमती' होतंच.

कन्नड ओळ सोबत असेल तर

एकाच टेक्स्ट बॉक्सात मराठी आणि कन्नड टाकून वर देवनागरी सुलेखनी फॉन्ट लावला की कन्नड ओळ आपोआप निर्मला यूआय किंवा तुंगामध्ये जाते. वर झोकदार नाव आणि खाली सरकारी नोटिशीचं अक्षर. देवनागरी फॉन्टात कन्नड अक्षरं नसतात, त्यामुळे हे होणारच. दोन्ही लिपी वेगळ्या बॉक्सात ठेवा आणि कन्नडला स्वतःचा सजावटी फॉन्ट द्या. 'अकाया कनडक' हा गूगल फॉन्ट्सवर आहे आणि त्याला हाताच्या वळणाची चाल आहे. जाडसर, गुबगुबीत शैली चालत असेल तर 'बलू' घराणं घ्या. त्यात देवनागरीसाठी 'बलू २' आणि कन्नडसाठी 'बलू तम्मा २' आहे, दोन्ही ओळी एकाच घरच्या दिसतात.

कन्नड मजकूर जुन्या नुडीत (कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरात) आला असेल तर तोही इंग्रजी जागांवरचा असू शकतो. नोटपॅडची परीक्षा त्यालाही लागू. आणि कन्नड ओळ तपासताना मराठी डोळ्याने रफार शोधू नका. तिथे तो डोक्यावर नसून अक्षराच्या उजवीकडे येतो, आणि जोडाक्षराचा दुसरा भाग खाली बसतो. खालच्या जागेची मागणी कन्नडला मराठीपेक्षा जास्त. कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून प्रूफ तपासून घ्या, आकारावरून अंदाज बांधू नका.

मशीनकडे पाठवताना

सुलेखनी फॉन्टच्या बारीक रेघा हा शेवटचा धोका. स्क्रीनवर मोठ्या करून बघितलेल्या केसासारख्या रेघा स्क्रीन प्रिंटिंगच्या सोनेरी शाईत भरत नाहीत, फॉइलमध्ये तुटतात, आणि गडद कागदावर पांढरं अक्षर सोडलं तर शाई दोन्ही बाजूंनी आत येऊन त्यांना गिळते. वेल्ड केलेल्या नावाला त्याच रंगाची पातळ आउटलाइन देऊन रेघ थोडी जाड करा. मात्र 'क', 'फ', 'ध', 'भ' यांची पोटं आणि गाठी त्यामुळे बुजत नाहीत ना, ते बघा. प्रूफ नेहमी खऱ्या आकारात कागदावर काढा, स्क्रीनवरच्या मोठ्या अक्षरावर विश्वास नको. रेडियमला तर बारीक रेघ चालतच नाही, ती सोलताना उचकटते. तिथे जाड अक्षरच घ्या.

पाठवायच्या फाइली दोन: एक कर्व्ह-वेल्ड केलेली मशीनसाठी, एक फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ वाचून तपासायला. मशीनवाल्याकडे तुमचा फॉन्ट असेलच, असं गृहीत धरू नका. त्याच नावाचा पण वेगळ्या आवृत्तीचा फॉन्ट त्याच्याकडे निघाला तर नुसता न मिळण्यापेक्षा वाईट, कारण चूक दिसतच नाही. एखाददुसरी वेलांटी सरकते, बाकी सगळं जागच्या जागी असतं, आणि ते कळतं कमान उभी राहिल्यावर. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवलेली फाइल छापायला देऊ नका. ती आकसते, आणि कडांवरच्या बारीक रेघाच आधी जातात. फाइल पाठवायचीच झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.